कमान अपुरी असू दे, आधी त्याखालची ओळ वाचा

पत्राचा सारांश: भोसरी एमआयडीसीत वीस वर्षं फिटर असलेल्या ४३ वर्षांच्या वाचकांचं पत्र आहे. थंडी सुरू झाल्यापासून सकाळी गाडीवरून कामावर जाताना त्यांच्या उजव्या हाताची करंगळी आणि अनामिका पांढरीफटक पडतात, मुंग्या येतात आणि अर्ध्या तासाने ठीक होतात. डाव्या हाताला काही नाही. अनामिकेच्या टोकाला एक काळपट ठिपका आलाय, "पाना लागला असेल." डॉप्लरच्या (रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीच्या) रिपोर्टात पहिली ओळ आहे, "सुपरफिशिअल पामर आर्च अपूर्ण." म्हणजे तळहातातली धमन्यांची वरची कमान अपुरी. त्याखाली लिहिलंय की मनगटाशी अल्नार (करंगळीकडची) धमनी १४ मिलिमीटर लांबीत ६ मिलिमीटरपर्यंत फुगलीय, आत कडेला गुठळी आहे, प्रवाह अंशतः चालू आहे, रेडियल (अंगठ्याकडची) धमनी नॉर्मल. एका डॉक्टरांनी सीटी अँजिओ (सीटी स्कॅनवर धमन्यांचं चित्र) सांगितली, दुसऱ्यांनी कॅथलॅबमधली डीएसए (धमनीत नळी घालून काढायचं चित्र). मेहुणे म्हणतात एमआरआयच करा, रेडिएशन नाही. शेजारी म्हणतात दुखणं मानेचं आहे. वाचक विचारतात: "एकदाच काय ती सगळ्यात महागडी तपासणी करून मोकळं व्हावं का? जन्मापासून कमान अपुरी म्हणजे माझ्या हाताला रक्तच कमी का? बोटं जातील का? माझा मुलगा ढोल पथकात आहे, त्याचाही हात तपासून घेऊ का?" जाता जाता त्यांनी लिहिलंय की बिडी-सिगारेट नाही, तंबाखू "फक्त मळून" खातात.

उत्तर:

नमस्कार. तुम्ही चार प्रश्न विचारलेत, पण मी सुरुवात करणार आहे ती तुम्ही न विचारलेल्या गोष्टीपासून. अनामिकेच्या टोकावरचा तो काळपट ठिपका पान्याचा मार असेलही. पण ज्या हाताच्या मनगटात धमनी फुगलीय आणि फुगवट्यात गुठळी आहे, त्याच धमनीवर चालणाऱ्या बोटाच्या टोकाला आलेला ठिपका मी 'मार' म्हणून सोडून देणार नाही. गुठळीचा बारीक कण सुटतो, प्रवाहाबरोबर पुढे जातो आणि बोटाच्या टोकाकडच्या केसासारख्या धमनीत अडकतो. तिथली कातडी काळपट होते. म्हणून व्हॅस्क्युलर (रक्तवाहिन्यांच्या) सर्जनची वेळ याच आठवड्यातली घ्या, दिवाळीची सुट्टी किंवा पगाराची तारीख बघून नाही. आणि एखादं बोट ऊब देऊनही पांढरं किंवा निळं राहिलं, ठणका लागला किंवा टोक काळं पडायला लागलं, तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जा. गुठळी ताजी असेल तर ती औषधाने विरघळवण्याची संधी असते आणि ती दिवसांत मोजायची असते.

आता कमानीकडे येऊ, कारण तुमची झोप तिने उडवलीय.

कोपराशी एक मोठी धमनी दोन भागांत विभागते. अंगठ्याच्या बाजूने येते ती रेडियल, जिच्यावर डॉक्टर नाडी बघतात. करंगळीच्या बाजूने येते ती अल्नार. दोघी तळहातात शिरल्या की वळतात आणि एकमेकींना मिळतात, तीही दोन मजल्यांवर. वरची, म्हणजे कातडीच्या जवळची कमान मुख्यतः अल्नारची. अंगठा पूर्ण बाहेर ताणला की त्याच्या खालच्या कडेपासून तळहातावर जी आडवी रेघ काढता येईल, साधारण त्या पातळीवर ती असते. खोलवरची कमान मुख्यतः रेडियलची. ती मनगटाकडे सुमारे एक सेंटिमीटर अलीकडे, हाडांना चिकटून जाते. वरच्या कमानीतून बोटांच्या बेचक्यांकडे फांद्या निघतात आणि प्रत्येक बोटाच्या दोन्ही कडांनी एकेक धमनी टोकापर्यंत जाते.

वरच्या कमानीचं दुसरं टोक रेडियलच्या फांदीला जोडलेलं नसणं, याला रिपोर्टात 'अपूर्ण' म्हणतात. शवविच्छेदनाच्या अभ्यासांत साधारण पाचातल्या एका हातात असं आढळतं. 'पूर्ण' कशाला म्हणायचं यावर हा आकडा वरखाली होतो, पण हा आजार नाही, एवढं नक्की. खोलवरची कमान मात्र जवळजवळ सगळ्यांची पूर्ण असते. वीस वर्षं तुम्ही याच हाताने पाने फिरवलेत. रक्त कमी असतं तर हाताने ते पहिल्याच हिवाळ्यात सांगितलं असतं. शिवाय डॉप्लरमधल्या 'अपूर्ण' शब्दावर माझा तितकासा भरवसाही नाही. जोडणारी फांदी कित्येकदा एक मिलिमीटरहून बारीक असते. हात गार असेल, धमन्या आकसल्या असतील, तर ती असूनही दिसत नाही, आणि 'दिसली नाही'चं रिपोर्टात 'नाही' होतं.

तरी ती ओळ अगदीच निरुपयोगी नाही. अल्नार बंद पडली तर करंगळी आणि अनामिकेला दुसरीकडून रक्त मिळेल का, याचं उत्तर या जोडणीवर अवलंबून असतं. एरवी जिच्याकडे कुणी ढुंकून पाहणार नाही अशी ही रचना तुमच्या बाबतीत महत्त्वाची ठरते ती तिच्याखालच्या ओळीमुळे. मनगटाशी अल्नार धमनी साधारण दोन-तीन मिलिमीटरची असते. तुमची सहा आहे आणि आत गुठळी आहे. काळजी करायची ती याची.

असं का झालं, हे तुमच्या हातावरच कळेल, पण बघायचं डाव्या हातावर. उजवीकडच्या फुगवट्यावर दाब नको. मनगटाच्या घडीवर करंगळीच्या बाजूला वाटाण्याएवढं कडक हाड लागतं, ते पिसिफॉर्म. उजव्या अंगठ्याचा सांधा त्यावर ठेवा आणि अंगठ्याचं टोक डाव्या अंगठा-तर्जनीच्या बेचक्याकडे रोखा. टोकाखाली जरा खोल दाबलं की आणखी एक कडक उंचवटा लागेल, तो हॅमेट हाडाचा हूक. या दोन हाडांमधल्या खोबणीला गियॉनचा कॅनाल म्हणतात. अल्नार धमनी आणि अल्नार नर्व्ह इथून शेजारी शेजारी जातात. कॅनालमधून बाहेर पडल्यावर सुमारे दोन सेंटिमीटर धमनीवर फक्त कातडी, चरबी आणि एक पातळ स्नायू असतो. अडकलेल्या पान्यावर तळहाताने दणका देता, बुश हाताने ठोकून बसवता, तेव्हा मार नेमका इथे बसतो आणि हूक खालून ऐरणीचं काम करतो. आतलं अस्तर सोललं की गुठळी धरते. मधला थर खिळखिळा झाला की फुगवटा येतो. तुमच्याकडे दोन्ही दिसतंय. १९७० मध्ये याला 'हायपोथेनार हॅमर सिंड्रोम' असं नाव मिळालं. नेहमीच्या वापरातला हात, करंगळीकडची बोटं आणि अंगठा शाबूत, ही त्याची ठरलेली खूण.

शेजाऱ्यांच्या मानेच्या निदानाबद्दल एवढंच सांगतो, की नर्व्ह दबली तर बोट बधिर होतं, पांढरंफटक होत नाही. पांढरं होणं हे रक्ताचं काम. मुंग्या मात्र दोन्हींमुळे येऊ शकतात, कारण फुगलेली धमनी त्याच अरुंद कॅनालमध्ये नर्व्हला रेटते. मानेच्या मुळाशी मात्र एक गोष्ट बघायलाच हवी. काहींना मानेच्या खालच्या मणक्यातून एक जादा बरगडी असते. ती हाताच्या मोठ्या धमनीला दाबते, तिथे गुठळी धरते आणि कण थेट बोटांपर्यंत येतात. म्हणून तपासणी कुठलीही करा, ती पंजापुरती नको. छातीतून निघणाऱ्या धमनीपासून बोटाच्या टोकापर्यंत हवी. मागणीपत्रावर 'उजवा हात' एवढंच लिहिलेलं असेल तर पुन्हा विचारा. ग्राइंडरच्या कंपनानेही बोटं पांढरी पडतात, पण बहुधा दोन्ही हातांची. तुम्ही ग्राइंडर किती तास धरता, हेही डॉक्टरांना सांगा.

आता कुठली तपासणी. "सगळ्यात महागडी एकदाच करून टाकू" यामागे एक समजूत आहे, की तपासण्यांची एक शिडी असते आणि वरच्या पायरीवरून सगळंच दिसतं. हाताच्या बाबतीत तसं नाही. प्रत्येक तपासणी वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देते. (हातातल्या धमन्यांचं चित्र काढणं ही तशी जुनी गोष्ट आहे. रॉन्टगेननी क्ष-किरण शोधले १८९५ च्या नोव्हेंबरात, आणि १८९६ च्या जानेवारीत व्हिएन्नात हाशेक आणि लिंडेंथाल यांनी मृत हाताच्या धमन्यांत चुन्याचं मिश्रण भरून पहिला अँजिओग्राम काढलासुद्धा. त्यासाठी क्ष-किरण ५७ मिनिटं चालू ठेवावे लागले होते.)

डॉप्लर तुमचा झालाय, आणि फुगवटा, गुठळी, प्रवाहाची दिशा आणि वेग यासाठी तो उत्तम आहे. पण तो कसा केला, यावर त्याची किंमत ठरते. प्रोब (हातावर फिरवायचा भाग) उच्च फ्रिक्वेन्सीचा, १५ मेगाहर्ट्झच्या आसपासचा हवा. जेल भरपूर हवं आणि हात अलगद हवा. या धमन्या कातडीच्या इतक्या जवळ असतात, की प्रोब दाबला तर धमनीच बंद होते आणि रिपोर्टात 'प्रवाह नाही' येतो. मंद प्रवाह पकडण्यासाठी मशीनची सेटिंग मुद्दाम खाली आणावी लागते. आणि हात गरम हवा. जानेवारीतल्या सकाळी मोशीहून गाडीवर येऊन लगेच टेबलावर झोपलात तर निम्म्या बोटांच्या धमन्या दिसणार नाहीत. आधी पंधरा-वीस मिनिटं आत बसा, हात कोमट पाण्यात धरा, मग तपासणी. दोन्ही हात तपासले का, तेही बघा. तुलनेसाठी डावा हात लागतोच. बोटाचं प्रेशर मोजून दंडाच्या प्रेशरशी त्याचं गुणोत्तर काढता येतं. ते साधारण ०.७ च्या खाली असेल तर त्या बोटाला रक्त खरोखर कमी पोचतंय. तुमच्या रिपोर्टाच्या मजकुरात हा आकडा नाही. तो मिळवा, त्यासाठी सुईसुद्धा टोचावी लागत नाही.

सीटी अँजिओ छातीपासून तळहातापर्यंतचा नकाशा काही सेकंदांत देते, हाडांसकट. हॅमेटचा हूक मोडलाय का, जादा बरगडी आहे का, फुगवटा नेमका कुठून कुठपर्यंत आहे, हे तिच्यात छान कळतं. बोटांच्या धमन्यांत मात्र ती कमी पडते. डाय (धमन्या चित्रात उठून दिसाव्यात म्हणून सुईतून सोडलेलं औषध) लवकर टिपला तर बोटं रिकामी दिसतात. उशीर झाला तर शिरा भरून धमन्यांवर चढतात. करायची ठरली तर क्रिएटिनिनचा (किडनीच्या रक्ततपासणीचा) ताजा रिपोर्ट न्या. किती तास उपाशी यायचं ते सेंटरला विचारा. डायची किंवा आणखी कशाची अ‍ॅलर्जी आणि दमा असेल तर आधीच सांगा. मेटफॉर्मिन (मधुमेहाची गोळी) चालू असेल तर तेही सांगा. किडनी अशक्त असेल तर ते काही दिवस थांबवतात. सुई डाव्या हाताला लावायला सांगा. ती उजव्या हाताला लावली तर त्याच बाजूच्या शिरांतला दाट डाय चित्रावर पट्टे मारतो आणि नेमकी हवी ती धमनी झाकतो. सहसा ८० ते १०० मिलिलिटर डाय सेकंदाला चार-पाच मिलिलिटर वेगाने जातो, अंगभर ऊब पसरते. घाबरू नका, हात हलवू नका. उजवा हात डोक्यावर ताणून ठेवावा लागतो. खांदा धरत असेल तर टेबलावर चढण्याआधीच सांगा, नाहीतर मध्येच हललात की सगळं वाया.

मेहुणे म्हणतात ते खरं, एमआरआयमध्ये रेडिएशन नाही. पण तुम्ही फिटर आहात. ग्राइंडिंग करताना डोळ्यात लोखंडाचा कण गेला होता का कधी? कण काढला म्हणून सांगितलं तरी एखादा आत राहिलेला असू शकतो आणि चुंबकात तो हलला तर डोळा जाऊ शकतो. म्हणून हे आधी सांगायचं. शंका असेल तर डोळ्यांचा एक्स-रे काढून मगच आत सोडतात. भोसरी-चाकणच्या प्रत्येक कामगाराने हे ध्यानात ठेवावं, तपासणी गुडघ्याची असली तरी. बाकी एमआर अँजिओ चांगल्या मशीनवर, हाताच्या खास कॉइलने केली तर कमानी दिसतात, बोटांची टोकं धूसर राहतात. किडनी फार कमजोर असेल तर गॅडोलिनियमबद्दल (एमआरआयच्या डायबद्दल) विचारून घ्या. तुमच्यासाठी मी ती तिसऱ्या क्रमांकावर ठेवेन.

राहिली डीएसए. मांडीतून किंवा दंडातून बारीक नळी सरकवून डाय थेट हाताच्या धमनीत सोडतात आणि हाडं वजा करून फक्त धमन्यांचं चित्र घेतात. बोटांच्या टोकापर्यंतचं तपशीलवार चित्र हवं असेल तर अजून हिला तोड नाही. नळीतूनच नायट्रोग्लिसरीन देऊन पुन्हा चित्र घेता येतं. आकसलेली धमनी उघडते, गुठळीने बंद झालेली उघडत नाही, हा फरक बाकीच्या तपासण्यांत इतका स्वच्छ कळत नाही. अल्नार धमनी नागमोडी, कॉर्कस्क्रूसारखी दिसणं ही या आजाराची ओळखीची खूण. आणि गुठळी ताजी असेल तर त्याच नळीतून ती विरघळवण्याचं औषध सोडता येतं. पण ही चिरफाड नसली तरी टोचणी आहे. टोचल्या जागी रक्त साकळू शकतं, धमनीच्या आतल्या अस्तराला इजा होऊ शकते, आणि मांडीतून गेलात तर नळी मेंदूकडे जाणाऱ्या धमन्यांच्या तोंडावरून जाते, त्यामुळे थोडा का होईना पक्षाघाताचा धोका असतो. नंतर काही तास पाय न हलवता पडून राहावं लागतं.

तर माझं मत असं, की क्रम उलटा करा. आधी तपासणी आणि मग सर्जन, असं नको. जो सर्जन गरज पडल्यास ऑपरेशन करणार आहे त्याला आधी हात, ठिपका आणि डॉप्लरची चित्रं दाखवा, आणि एकच प्रश्न विचारा: "या तपासणीने तुमचा कुठला निर्णय बदलणार आहे?" निव्वळ फुगवटा असता तर मी सीटीवर थांबा म्हटलं असतं. ठिपक्यामुळे बोटांच्या धमन्यांची स्थिती कळणं गरजेचं झालंय, त्यामुळे डीएसएकडे पारडं झुकतं. दोन्ही लागोपाठ मात्र कारण कळल्याशिवाय करू नका. डाय दोनदा किडनीतून जातो आणि खिशाला भोक पडतं ते वेगळंच. ईएसआयचं (कामगार विम्याचं) कार्ड असेल तर चिंचवडच्या ईएसआय रुग्णालयातून रेफरल मागा. आणि प्रत्येक सेंटरमधून कागदाबरोबर सीडी घ्या. दुसऱ्या डॉक्टरांना रिपोर्टातलं वाक्य फारसं कामाचं नसतं, चित्र असतं.

इंटरनेटवर तुम्हाला अ‍ॅलनची चाचणी सापडेल. मूठ आवळायची, मनगटाच्या दोन्ही धमन्या दाबायच्या, मूठ उघडायची, एक धमनी सोडायची आणि तळहात किती सेकंदांत लाल होतो ते बघायचं. पाच-सात सेकंदांत रंग आला तर ठीक, पंधराच्या पुढे गेला तर प्रवाह कमी. बोटं फार ताणून उघडली तर निरोगी हातही नापास होतो. मनगटातून हृदयाची अँजिओग्राफी होणार असलेल्या वाचकांना ही चाचणी डॉक्टर कधी कधी करताना दिसतील. तुम्ही मात्र घरी करू नका. तुमच्या धमनीत गुठळी आहे. तिच्यावर पुन्हा पुन्हा दाबून आणखी कण सुटायला नकोत.

बोटं जातील का? वेळेत पकडलेल्या बहुतेकांची जात नाहीत. काहींना औषधांवर भागतं: धमन्या सैल करणारी गोळी, रक्त पातळ करणारी गोळी, दोन्ही डॉक्टरांनी ठरवलेल्या. मेडिकलवाल्याकडून अ‍ॅस्पिरिन आणून आपल्या मनाने सुरू करू नका. फुगवट्यातून कण सुटत असतील तर तो भाग काढून धमनीची टोकं जोडतात किंवा मध्ये शिरेचा तुकडा बसवतात. दुसरीकडून रक्त पुरेसं येत असेल तर धमनी नुसती बांधूनही टाकतात, आणि इथे तुमच्या त्या कमानीची जोडणी मोजली जाईल. पण तंबाखू चालू राहिली तर यातलं काहीच टिकत नाही. "फक्त मळून" याला अर्थ नाही; निकोटिन गालातून गेलं तरी बोटांच्या धमन्या तशाच आकसतात. तरुण पुरुषांत हातापायांच्या धमन्या बंद पाडणारा बर्जर नावाचा आजारही तंबाखूशीच बांधलेला आहे. डॉक्टर त्याचाही विचार करतील, तेव्हा तंबाखू लपवू नका.

कामावर: आजपासून तळहात म्हणजे हातोडी नाही. रबरी किंवा नायलॉनची मॅलेट मागा, अडकलेल्या पान्याला पाइप लावून लांबी वाढवा. पॅडचे हातमोजे मार कमी करतात, थांबवत नाहीत. गाडीवर थंडीचे हातमोजे वेगळे घाला, आणि हिवाळ्यात शक्य असेल तर कंपनीच्या बसने जा. केसपेपरवर 'फिटर, तळहाताने ठोकण्याचं काम, २० वर्षं' असं लिहून घ्या. सुपरवायझर कुरकुरला किंवा पुढे काम बदलून मागायची वेळ आली, तर ही ओळ उपयोगी पडेल.

मुलाचा हात तपासू नका. अपुरी कमान शोधून तिचं काही करायचं नसतं. पथकात त्याला एवढंच सांगा, की टिपरू ज्या हातात नाही त्या हाताची थाप बोटांनी आणि तळव्याच्या वरच्या भागाने मार, करंगळीखालच्या गादीने नको. गणपतीत हात सुजणं, कातडी सोलणं चालायचंच. त्याच हाताची एक-दोन बोटं सरावानंतर पांढरी पडायला लागली आणि दुसऱ्या हाताची पडत नसतील, तर मात्र डॉप्लर करून घ्या, आणि हात गरम करून.